जिन्यातलं इंग्रजी

मधुमालती सोसायटीच्या जिन्यात उत्तरेश्वर पहाटे चिठ्ठ्या चिकटवत होता, तेव्हा त्याच्या मनात कोणाविषयीही काही वाकडं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते मानायला कोणी तयार होणार नाही.

त्याला फक्त लंडनला जायचं होतं. हिंजवडीच्या एका कंपनीत तो प्रोग्रॅम लिहायचा आणि चांगले लिहायचा. कंपनीने सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवायच्या लोकांत त्याचं नाव घातलं होतं. पण त्याआधी सोमवारी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. बाहेरून कोणी मॅडम यायच्या, समोर बसवून शब्द विचारायच्या, अर्थ सांगायला लावायच्या आणि वर वाक्यात उपयोग करून मागायच्या. मागच्या खेपेला त्यांनी दोघांचं लंडन जागच्या जागी रद्द केलं होतं. लातूरकडच्या शाळेत उत्तरेश्वर इंग्रजीत पास झाला होता खरा, पण ते इंग्रजी फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात गेलं होतं. मध्ये त्याचं तोंड कुठे लागलंच नव्हतं.

"सुटे शब्द पाठ करत बसू नको, वेडा होशील," ऑफिसातल्या अभिनवने त्याला सांगितलं होतं. "ग्रुप कर. सेम लेटर्सनी स्टार्ट होणारे वर्ड्स एकत्र घे. 'मॅल' घे. 'मॅल' म्हणजे बेसिकली काहीतरी बॅड. मग एकेक वर्ड एकेका जागेला चिकटव आणि तिथून वॉक कर. जागा आठवली की वर्ड आठवतो. सिंपल आहे यार."

अडचण जागेची होती. उत्तरेश्वर राहायचा ती तळमजल्यावरची खोली मुळात वॉचमनसाठी बांधलेली. सोसायटीला वॉचमन परवडेना आणि खोली रिकामी ठेवणं बघवेना, म्हणून ती उत्तरेश्वरला भाड्याने दिली होती. खाटेवर बसून हात लांब केला की चारही भिंतींना लागायचा. सगळे 'मॅल' तिथे चिकटवल्यावर ते एकमेकांत असे मिसळले, की शेवटी त्याला एवढंच कळायचं की काहीतरी वाईट आहे. कोणाचं आणि किती, ते सांगता यायचं नाही. म्हणून त्याने जिना धरला. पहाटे उठायचं, खळ लावून चिठ्ठ्या जिन्याच्या भिंतीला लावायच्या, वर इंग्रजी शब्द आणि खाली मराठी अर्थ. मग वरखाली फेऱ्या मारत पाठ करायचं आणि दुधाच्या पिशव्या यायच्या आत सगळं काढून घ्यायचं.

शुक्रवारी कंपनीच्या बसने घात केला. पौड रस्ता खणून ठेवलेला, म्हणून ड्रायव्हर वेळेच्या बराच आधी आला आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजवत बसला. उत्तरेश्वर तिसऱ्या मजल्यावर होता. तो जो पळाला तो चिठ्ठ्या विसरून. चांदणी चौक मागे पडल्यावर त्याला आठवलं आणि तो खिडकीपाशी बसून स्वतःशीच म्हणाला, "जाऊ दे. चिठ्ठ्याच हायत की. कोण वाचायलंय?"

तो पुण्यात नवा होता.

मधुमालतीच्या भिंतीला कागद लागला, की तो कोणाला तरी उद्देशून असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या भिंतीवरच राज्य करत होते. 'जिन्यात उभे राहून बोलू नये. बोलण्यासाठी घरे आहेत.' 'बेल एकदा वाजवावी. आतल्या माणसांना ऐकू येते, इच्छा नसते.' 'सायकल येथे लावल्यास हवा राहणार नाही. हरकत असल्यास लावून पाहावे.' प्रत्येक पाटीचा धनी कोण, हे सगळ्यांना कळे आणि नाव मात्र कुठेच नसे. असा सराव झालेल्या इमारतीत उत्तरेश्वरने ऐन सकाळी 'मॅल'ची माळच्या माळ लावून ठेवली होती.

पहिल्यांदा दार उघडलं ते पहिल्या मजल्यावर यज्ञेश्वरांचं. दुधाची पिशवी उचलायला ते वाकले आणि उभे राहिले ते थेट चिठ्ठीसमोर. त्यांनी चष्मा आणून पुन्हा वाचली. 'मॅलफीझन्स : अधिकारपदाचा गैरवापर.'

"अहो, काय झालं?" आतून त्यांच्या पत्नीने विचारलं.

"काही नाही. कोणाला तरी पंपाबद्दल बोलायचं आहे."

हे त्यांच्या तोंडून निसटलंच. पाण्याच्या पंपाची किल्ली यज्ञेश्वरांकडे असायची आणि पंप नेमका त्यांच्या घरची धुणीभांडी उरकेपर्यंत चालायचा. वरच्या मजल्यांवर यावर आजवर फक्त पुटपुटणं झालं होतं. आज लेखी आलं, तेही इंग्रजीत. यज्ञेश्वर किल्ली घेऊन तरातरा खाली गेले, की निदान आज तरी पंप वेळेवर सुरू करून तोंड बंद करावं. पंपाच्या पेटीवर चिठ्ठी होती, 'मॅलफंक्शन : यंत्रात बिघाड.' सरकारी नोकरीत त्यांनी एक शिस्त पाळली होती. लेखी सूचना मिळाल्यावर यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनी पंप सुरू केला नाही आणि इलेक्ट्रिशियनला फोन केला.

दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनीबाई रांगोळी काढायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी दाराशेजारी मातीच्या मोठ्या कुंडीत गांडूळखत सुरू केलं होतं. कुठल्याशा प्रदर्शनातून त्या ही गांडुळं घेऊन आल्या तेव्हापासून शेजारीपाजारी श्वास रोखून जिना चढत. कुंडीच्या बरोबर वर लिहिलेलं होतं, 'मॅलोडरस : दुर्गंधी पसरवणारे.'

"यज्ञेश्वर!" त्यांनी कठड्यावरून खाली हाक मारली. "समोर येऊन बोलायचं होतं. इंग्रजीच्या आडून कशाला?"

"मी लावली नाही!"

"भिंतीवर दुसरं कोण लावतं?"

"अहो, मलाही लागली आहे!"

"तुम्हाला का लागली?"

यज्ञेश्वरांनी पंपाची किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात मंदाकिनीबाईंच्या समोरचं दार उघडून सुखदेवराव बाहेर आले. टेलिफोन खात्यातले सुखदेवराव पाठीच्या दुखण्याने रजेवर होते आणि त्याच आठवड्यात क्रिकेटची मालिका चालू होती. यात योगायोगापलीकडे काही आहे असं कोणी उघड म्हटलं नव्हतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून दाराजवळची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"'मॅलिंगर : काम टाळण्यासाठी आजाराचे सोंग करणे.' मंदाकिनीबाई, हे तुमचं काम."

"माझं?"

"काल मी सिक्सर बघून ओरडलो ते तुमच्याशिवाय कोणाला ऐकू येतं?"

"तुम्ही ओरडलात? तुमची तर पाठ धरली होती ना?"

"ओरडायला पाठ लागत नाही!" सुखदेवराव ओरडले आणि मग आठवण होऊन कण्हले.

तिसऱ्या मजल्यावर सुनीतीबाई शांतपणे आपली चिठ्ठी वाचत होत्या. त्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या कोथरूडला त्यांनी काळ शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा राग होता. अधूनमधून एखाद्या सकाळी पांढरी गाडी त्यांना न्यायला येई. त्या कुठे जातात हे विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मॅलकंटेंट : कशातच समाधान न मानणारी, सतत कुरकुरणारी व्यक्ती.' त्यांनी आतून लाल पेन्सिल आणली, चिठ्ठीखाली 'अक्षर सुधारावे' असं लिहिलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी उत्तरेश्वर परत आला, तेव्हा इमारतीत पाणी नव्हतं. इलेक्ट्रिशियनने पंप उघडून पाहिला होता. बिघाड सापडेना म्हणून त्याने तो आणखी उघडला होता आणि त्यानंतर मात्र बिघाड सापडला होता. जिन्यात भिंत दिसत नव्हती, इतके कागद होते. पहिल्या मजल्यावर यज्ञेश्वरांचं सुवाच्य उत्तर लागलं होतं, 'पंप विजेवर चालतो, टीकेवर नाही.' त्याच्या वर मंदाकिनीबाईंनी लावलं होतं, 'गांडुळांना वास नसतो. येत असल्यास अंघोळ करून पुन्हा हुंगावे.' सुखदेवरावांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेटच दाराला टाचलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'खात्री करून घ्यावी. सामना चालू असताना येऊ नये.'

उत्तरेश्वर एकेक कागद वाचत वर गेला. आधी त्याला काही उमगेना. त्याच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, पण प्रत्येकीशेजारी कोणीतरी कोणाशी तरी भांडत होतं. तिसऱ्या मजल्यावर 'अक्षर सुधारावे' वाचल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खोली भाड्याने देताना सोसायटीने अट घातली होती, की एका जरी सभासदाची तक्रार आली तरी खोली त्याच दिवशी सोडायची. एकट्या तरुण पोराला या भागात कोणी खोली देत नव्हतं, ही मिळवायलाच त्याला चार महिने लागले होते. तोवर तो येरवड्याला मावसभावाच्या खोलीत दाराआड झोपत होता. परत तिकडे जायच्या विचारानेच त्याची मान दुखली.

खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तो तसाच यज्ञेश्वरांकडे गेला.

"सर, थोडं बोलायचं होतं. त्या चिठ्ठ्या..."

"या, बरं झालं आलात. बसा. हे घ्या." यज्ञेश्वरांनी त्याच्या हातात कोरा कागद आणि पेन दिलं. "रविवारी विशेष सभा बोलावतोय. रागाने माझा हात थरथरतोय. मी सांगतो, तुम्ही लिहा."

"सर, पण मीच..."

"लिहा! 'इंग्रजी चिठ्ठ्यांद्वारे सभासदांची बदनामी करणाऱ्या भेकड इसमाचा छडा लावण्यासाठी...' भेकड लिहिलंत?"

"लिहिलं सर."

"जरा ठळक करा. '... सदर इसम भाडेकरू असल्यास त्यास तात्काळ खोली रिकामी करावी लागेल.' हे तुम्हाला उद्देशून नाही हं. नियम म्हणून लिहायचं."

उत्तरेश्वरने स्वतःविरुद्धची नोटीस स्वतःच्या अक्षरात लिहिली, ती भिंतीला लावायला यज्ञेश्वरांना खळही दिली आणि खोलीत जाऊन बसला. आता इंग्रजी पाठ करावं की सामान बांधावं, हे त्याला कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

शनिवारी इमारतीत विचित्र गोष्टी घडल्या. सुखदेवराव गळ्याभोवती मफलर गुंडाळून कामावर गेले, ऐन सामन्याच्या दिवशी. मंदाकिनीबाईंची कुंडी दारातून उचलून त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीत गेली. पंप दुरुस्त होताच यज्ञेश्वरांनी तो भल्या सकाळी सोडला आणि वरच्या टाकीतून पाणी ओसंडेपर्यंत चालू ठेवला. आपण चिठ्ठीमुळे हे केलं असं कोणी म्हटलं नाही. उलट ज्याने लिहिली त्याला सोडायचं नाही, यावर प्रत्येकजण आता जास्तच ठाम झाला होता.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. सेक्रेटरीची खुर्ची एकटीच हातांची होती, म्हणून पाठीचं कारण सांगून सुखदेवराव आधीच तिच्यात बसले होते. यज्ञेश्वर एका स्कूटरला टेकून उभे राहिले. सगळे बोलत होते आणि सगळे संशयित होते. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "ज्याच्या दारात चिठ्ठी नाही त्याचंच हे काम."

सगळ्यांच्या माना मागे उभ्या असलेल्या उत्तरेश्वरकडे वळल्या.

"मीच लावल्या," उत्तरेश्वर म्हणाला. दोन दिवस पोटात ठेवलेलं बाहेर पडल्याने त्याला बरं वाटलं. "कोणाला बोलायला न्हवत्या ओ. सोमवारी माझी परीक्षा हाय. शब्द पाठ करायलो होतो."

सुखदेवराव हसले आणि त्यांच्यामागे सगळे हसले.

"पाठ करायला?" यज्ञेश्वर म्हणाले. "आणि माझ्या दारात नेमका गैरवापर पाठ करायला आलात? यांच्या दारात दुर्गंधी? यांच्या दारात सोंग?"

"तशी जागा आली बघा."

"अहो, इतकी नेमकी जागा अशी येत नाही! हा अभ्यास करून लावलेला आरोप आहे. कोणाला पाठीशी घालताय?"

"तर काय!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "माझ्या वासाचा यात काही संबंधच नाही असं म्हणायचंय का याला? मग मी कुंडी हलवली ती उगीच?"

यावर पुष्कळ जणांनी मान डोलावली. चिठ्ठ्या कोणाला उद्देशून नव्हत्याच असं मानलं, तर कामावर जाणं, कुंडी उचलणं, पंप सोडणं हे सगळं वाया जात होतं. इतकं नुकसान सोसायला कोणी तयार नव्हतं.

"सुनीतीबाई, तुम्ही विचारा त्याला," यज्ञेश्वर म्हणाले. "आत्ता कळेल."

सुनीतीबाईंनी उत्तरेश्वरकडे चष्म्यावरून पाहिलं. "मॅलिंगर म्हणजे काय?"

उत्तरेश्वरने मनातल्या मनात जिना चढायला घेतला. मॅलिंगर. दुसरा मजला, उजवं दार, सुखदेवराव. सुखदेवराव कुठायत? समोर सेक्रेटरीच्या खुर्चीत. सेक्रेटरीची खुर्ची म्हणजे पहिला मजला. पहिला मजला म्हणजे... त्याच्या डोक्यात पूर्ण इमारत खालीवर झाली.

"पदाचा गैरवापर?" तो म्हणाला.

सुखदेवराव खुर्चीतून टुणकन उठले. पाठीला काहीही झालं नाही.

"आणि मॅलोडरस?"

मंदाकिनीबाई स्कूटरपाशी उभ्या होत्या, यज्ञेश्वरांच्या शेजारी, पंपाच्या पेटीखाली. उत्तरेश्वरने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. "यंत्रात बिघाड."

"पुरे," सुनीतीबाई म्हणाल्या. "या माणसाला हे शब्द येत नाहीत. हवं तर लिहून देते."

"द्याच लिहून!" यज्ञेश्वर म्हणाले. सभेच्या वृत्तांतात लगेच ठराव झाला. 'खोलीधारक श्री. उत्तरेश्वर यांना इंग्रजी येत नाही.' सूचक मंदाकिनीबाई, अनुमोदक सुखदेवराव. खाली तज्ज्ञ म्हणून सुनीतीबाईंनी लाल पेन्सिलीने सही केली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, टाळ्या वाजल्या आणि सगळ्यांनी उत्तरेश्वरच्या पाठीवर थाप मारली. खोली वाचली होती. पण उद्याच्या परीक्षेआधी आज आपण इतक्या लोकांसमोर नापास झालो, हे त्याच्या लक्षात आलं आणि आनंद करावा की रडावं हे पुन्हा एकदा कळेनासं झालं.

सोमवारी कंपनीत अभिनवने त्याला काचेच्या खोलीपर्यंत सोडलं. "चिल, रे. मॅडम स्ट्रिक्ट आहेत, पण फेअर आहेत."

उत्तरेश्वर आत गेला. टेबलामागे स्टार्चची साडी नेसून, लाल पेन्सिल हातात घेऊन सुनीतीबाई बसल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. काल पार्किंगमध्ये पाहिलेल्या माणसाला आज पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या.

उत्तरेश्वर बसला आणि त्याला सगळा पेच एकदम दिसला. शब्द आले, तर चिठ्ठ्या आपल्याच हे सिद्ध होणार आणि खोली जाणार. शब्द आले नाहीत, तर लंडन जाणार. गावी त्याच्या आईने शेजारच्या बायकांना सांगून टाकलं होतं, की पोरगा इमानात बसायलाय. खोली नाही तर नाही, मानेचं काय ते बघू, असं त्याने ठरवलं.

"मॅलिंगर," सुनीतीबाई म्हणाल्या.

या खोलीत यज्ञेश्वर नव्हते, मंदाकिनीबाई नव्हत्या, कोणी कोणाच्या खुर्चीत नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि जिना चढला. दुसरा मजला, उजवं दार, आतून क्रिकेटची कॉमेंट्री. अर्थ आपोआप तोंडात आला आणि वाक्यही, धडधडीत इंग्रजीत. एक गृहस्थ सामना असला की आजारी पडतात आणि आपला संघ हरला की बरे होतात.

सुनीतीबाईंनी काहीतरी लिहिलं. "मॅलोडरस."

डावं दार. कुंडी आता तिथे नव्हती, पण वास होता. त्याने वाक्य केलं. मग पहिल्या मजल्यावर उतरून मॅलफीझन्सचं केलं, तळमजल्यावर जाऊन मॅलफंक्शनचं केलं. काल चुकलेलं सगळं आज सरळ येत होतं. आता तो थांबतही नव्हता, एका दमात वर पळत होता.

"मॅलकंटेंट."

तो तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि थांबला. दार बंद होतं. त्याने डोळे उघडले, तर दाराची मालकीण समोर बसली होती.

"येत नाही?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"येतंय, मॅडम."

"मग वाक्य करा."

उत्तरेश्वर इंग्रजी सोडून म्हणाला, "त्यो शब्द मी चुकीच्या दारापाशी लावला होता, मॅडम. ते दार तसलं न्हाई."

सुनीतीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "दार बरोबर होतं. अक्षर वाईट होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सभेची नोटीस आणि चिठ्ठ्या एका हातच्या होत्या. शेजारी शेजारी लागल्या होत्या. पस्तीस वर्षं मी वह्या तपासल्या आहेत."

"मग काल लिहून कामून दिलं, इंग्रजी येत न्हाई म्हणून?"

"काल येत नव्हतं. मी ऐकलं तेच लिहिलं." त्यांनी समोरच्या कागदावर सही केली. "आज येतं. एका रात्रीत इतकी प्रगती केलेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. जा आता. पुढच्याला पाठवा."

उत्तरेश्वर दारापर्यंत जाऊन वळला. "मॅडम, सोसायटीत सांगणार?"

"सांगितलं तर माझी कालची सही खोटी ठरेल," सुनीतीबाई म्हणाल्या. "माझी सही आजवर खोटी ठरलेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बससाठी निघताना उत्तरेश्वरने दार ओढलं आणि तो चपला घालता घालता थांबला. त्याच्या दाराशेजारी भिंतीवर एक चिठ्ठी होती. लाल पेन्सिल, वळणदार अक्षर. 'बेनिफिशिअरी : दुसऱ्याच्या कृपेने लाभ झालेला मनुष्य.'

त्याने जिन्यात डोकावून पाहिलं. बाकी सगळ्या भिंती स्वच्छ होत्या. मग तो चिठ्ठीसमोर येऊन उभा राहिला. 'मॅल' झाले, आता पुढचे शब्द 'बेनि'चे पाठ करायचे, असा याचा अर्थ होता, की काय उपकार झालेत ते विसरू नका, असा होता? धडा होता का टोमणा? आठवड्यापूर्वी त्याला हा प्रश्नच पडला नसता.

यज्ञेश्वर पंपाची किल्ली फिरवत खाली आले. हल्ली ते वेळेवर यायचे. त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, मग उत्तरेश्वरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा अगदी मऊ झाला.

"तुम्हालासुद्धा लागली?"

"लागली की ओ."

"वाईट वाटून घेऊ नका. भाडेकरूला कोणी चिठ्ठी लावत नाही. लावली म्हणजे तुम्ही आता इथलेच झालात." त्यांनी जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. "चोराचं अक्षर मात्र सुधारलंय. पण उत्तर लिहा हं. उत्तर दिलं नाही की लोकांना खरं वाटतं."

ते पंपाकडे गेले. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. उत्तरेश्वरने खिशातून पेन काढलं, विचार केला आणि चिठ्ठीखाली, जमेल तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सुधारायलो.' आणि पळाला.

पंप सुरू करून यज्ञेश्वर परत आले, तेव्हा उत्तर लागलेलं होतं. त्यांनी ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, चिठ्ठीबरोबर जुळवून पाहिलं. काही केल्या जुळेना. तेवढ्यात मंदाकिनीबाई भाजीची पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"काय झालं, यज्ञेश्वर?"

"काही नाही," ते काळजीने म्हणाले. "इंग्रजी येत नाही हे आपण ठराव करून मान्य केलं. पण अहो, या मुलाला मराठीसुद्धा येत नाही."